हृदयाची उसनी मोट
सदर : आरोग्य-विवेक

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी, कोरीव दगडी स्तंभासाठी आणि बारवेसाठी अभ्यासकांना परिचित आहे. जिंतूरच्या नेमगिरीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूने थोडी वाट वाकडी करून पाहावे, असे हे स्थान. या परिसरात सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याला विहिरीवरची मोट अजून आठवते. धावेवरून बैल उतरत, नाडा ताणला जाई, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचे. मोट फाटली किंवा बैल बसले, तर विहीर काठोकाठ भरलेली असूनही शेवटच्या वाफ्यातील रोप वाळून जाई. पाणी असे, उपसणारे कोणी नसे.

मनुष्यदेहातही अशी अवस्था येते. रक्त पुरेसे असते, रक्तवाहिन्यांचे पाट जागच्या जागी असतात. परंतु रक्त पुढे ढकलणारे हृदयच थकून जाते. मेंदू, मूत्रपिंडे, यकृत आणि हातपाय रक्ताविना कोमेजू लागतात. वैद्यकशास्त्र या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणते. अशा वेळी हृदयाला काही तास किंवा काही दिवस आधार देणारे लहान यांत्रिक पंप आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत उपलब्ध झाले आहेत. त्यांच्याविषयी समाजात दोन टोकांच्या समजुती आढळतात. 'पंप बसवला की माणूस वाचतोच,' ही एक. आणि 'हे सारे पैसे काढण्याचे यंत्र आहे,' ही दुसरी. दोन्ही समजुती सत्यापासून दूर आहेत. पंप हृदयाला बरे करीत नाही. तो वेळ उसना देतो. हा उसना वेळ कोणाच्या कामी येतो, हे मात्र बहुतांशी रुग्णालयाच्या दारापाशी नव्हे, तर गावातल्या घरात, पहिल्या एक-दोन तासांत ठरते.

हा 'शॉक' विजेचा नव्हे

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातलगांना डॉक्टर सांगतात, "पेशंट शॉकमध्ये आहे." ऐकणाऱ्याच्या मनात विजेचा झटका येतो, किंवा एखाद्या दुःखद वार्तेने बसलेला मानसिक धक्का येतो. येथे शॉकचा अर्थ निराळा आहे. शरीरातील अवयवांना जगण्यापुरतेही रक्त मिळत नाही, अशी अवस्था म्हणजे शॉक. आणि तिचे कारण हृदयाची दुर्बलता असेल तर तो कार्डिओजेनिक शॉक. छातीवर पट्ट्या ठेवून दिला जाणारा विद्युत-झटका हा वेगळा उपचार असून तो हृदयाच्या बिघडलेल्या तालासाठी असतो.

या अवस्थेची लक्षणे घरातील माणसांनाही ओळखता येतात. हातपाय थंड आणि घामाने ओलसर पडतात. चेहरा राखेसारखा फिकट दिसतो. नाडी बारीक आणि जलद लागते, धाप लागते, लघवी कमी होते. बोलण्यात असंबद्धता येते किंवा माणूस विलक्षण शांत होतो. रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली जाऊन तेथेच राहतो. हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी साधारणपणे ५ ते १० जणांमध्ये अशी अवस्था उद्भवते. आणि आधुनिक उपचार मिळूनही त्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात. हृदयरोगाच्या क्षेत्रात याहून कठीण प्रसंग क्वचितच असेल.

एका घरातील एक रात्र

चारठाण्यातील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरधनी अठ्ठावन्न वर्षांचे, मधुमेह जुना, किराणा मालाचे दुकान, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि त्यानंतर चौविहार. रात्री साडेनऊच्या सुमारास छातीत दाटल्यासारखे होते, डाव्या खांद्यातून कळ उतरते. पत्नी म्हणते, "अहो, घाम बघा किती आलाय." ते उत्तर देतात, "संध्याकाळच्या कढीचं पित्त आहे. सकाळी नवकारशीनंतर ओवा घेतो. झोपा तुम्ही." मुलगा दवाखान्यात जाण्याचे सुचवतो, वडील त्याला गप्प करतात. साडेअकरा वाजता ते उठून बसतात, तेव्हा हात थंडगार झालेले असतात. मग शेजाऱ्याची मोटारसायकल काढली जाते, दोघांच्या मध्ये त्यांना बसवले जाते आणि जिंतूरची वाट धरली जाते.

या दोन तासांत देहात काय घडले? हृदयाला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी गुठळीने बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मिनिटामिनिटाला मरत गेला. स्नायू मेल्याने हृदयाचा जोर घटला. जोर घटल्याने रक्तदाब उतरला. रक्तदाब उतरल्याने हृदयाच्या उरलेल्या स्नायूलाही रक्त अपुरे पडू लागले आणि त्यामुळे जोर आणखी घटला. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की ते आपोआप थांबत नाही. यांत्रिक पंपाचे काम हे चक्र तोडणे एवढेच आहे.

नाईलकाठचे पाणी

हृदयाला बाहेरून मदत करण्याचा पहिला यशस्वी मार्ग फुग्याचा होता. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या महाधमनीत लांबट फुगा सरकवला. हृदय विसावते तेव्हा हा फुगा फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे लोटतो. हृदय आकुंचन पावू लागते तेव्हा तो क्षणात मिटतो आणि हृदयापुढचा भार हलका करतो. त्यात हीलियम हा अतिशय हलका वायू भरतात, कारण प्रत्येक ठोक्यागणिक त्याला वेगाने आतबाहेर करावे लागते. अनेक रुग्णालयांत आजही दिसणारा 'बलून पंप' तो हाच. तो हृदयाला साथ देतो, परंतु स्वतः रक्त उपसत नाही. बैलच थकलेले असतील तर हाकाऱ्याने कितीही साथ दिली तरी मोट वर येत नाही, तशी त्याची मर्यादा.

स्वतः रक्त उपसणाऱ्या पंपाची कल्पना मात्र एका शेतीच्या साधनातून आली. डॉ. रिचर्ड वॅम्पलर हे अमेरिकी डॉक्टर १९७६ मध्ये इजिप्तला गेले होते. तेथील एका खेड्यात शेतकरी नळीत बसवलेला मोठा मळसूत्री दांडा हाताने फिरवून पाणी वर चढवताना त्यांना दिसले. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा हा मळसूत्र-पंप दोन हजार वर्षांहून जुना आहे. रक्तही असेच चढवता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्याने रक्तपेशींचा चुरा होईल, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. तरीही अनेक वर्षांच्या प्रयत्नांतून मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेणारा इवलासा पंप तयार झाला आणि १९८८ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो प्रथम एका रुग्णात वापरला गेला.

त्याच तत्त्वावर पुढे जर्मनीतील आखेन येथे विकसित झालेला 'इम्पेला' हा पंप आज जगभर वापरला जातो. जांघेतील धमनीतून तो आत सरकवतात, महाधमनीच्या झडपेतून पलीकडे नेतात आणि त्याचे टोक हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठेवतात. छाती उघडावी लागत नाही. पेन्सिलीपेक्षाही बारीक असलेला हा पंप मिनिटाला ४६,००० पर्यंत फेरे घेतो आणि डाव्या कप्प्यातील रक्त खेचून थेट महाधमनीत सोडतो. निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवते. हा पंप साडेतीन लिटरच्या आसपास भार उचलू शकतो. दरम्यान हृदयाला दम घ्यायला अवसर मिळतो.

तिसरे साधन 'एक्मो'चे. त्यात मोठ्या शिरेतून रक्त शरीराबाहेर काढतात, कृत्रिम फुप्फुसातून त्याला प्राणवायू देतात आणि पंपाच्या साह्याने ते धमनीत परत सोडतात. हृदय आणि फुप्फुसे या दोहोंचे काम तात्पुरते बाहेर चालते.

संशोधनाची कसोटी

यंत्र चतुर आहे म्हणून ते उपयोगी ठरतेच असे नाही. उपयोग सिद्ध करण्यासाठी सारख्याच अवस्थेतील रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करावे लागतात. एका गटाला नवे साधन द्यायचे, दुसऱ्याला नेहमीचे उपचार द्यायचे आणि मग किती जण जगले हे मोजायचे. या कसोटीने बरेच गैरसमज दूर केले आहेत.

१९९९ मध्ये डॉ. जुडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शॉकमधील ३०२ रुग्णांची पाहणी होती. बंद धमनी त्वरेने उघडलेल्या गटात सहा महिन्यांनी सुमारे ५० टक्के रुग्ण दगावले होते. आधी औषधांवर स्थिर करण्याचा प्रयत्न झालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. तेव्हापासून एक गोष्ट निश्चित झाली. धमनी उघडणे हा मूळ उपचार आहे. बाकी सारे त्याच्या साह्याला.

बलून पंपाविषयी २०१२ मध्ये जर्मनीतील ६०० रुग्णांचा अभ्यास आला. तीस दिवसांनी फुगा लावलेल्या गटात ३९.७ टक्के, तर न लावलेल्या गटात ४१.३ टक्के मृत्यू झाले होते. हा फरक नगण्य ठरला. दशकानुदशके वापरात असलेल्या साधनाविषयी हा निकाल अनेकांना धक्कादायक वाटला. त्यानंतर या शॉकमध्ये फुगा सरसकट लावणे मागे पडले. झडपेला झालेली इजा किंवा हृदयाच्या कप्प्यांमधील पडदा फाटणे अशा विशिष्ट प्रसंगी तो अजूनही वापरतात. २०२३ मध्ये एक्मोचीही ४२० रुग्णांवर तपासणी झाली. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण एक्मोसह ४७.८ टक्के आणि त्याविना ४९ टक्के निघाले. प्रत्येक रुग्णाला लवकर एक्मो लावल्याने लाभ होतो, असे दिसले नाही.

मळसूत्री पंपाचा निकाल २०२४ मध्ये आला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटन येथील ३५५ रुग्णांचा हा अभ्यास पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ५८.५ टक्के रुग्ण दगावले होते. पंप लावलेल्यांपैकी ४५.८ टक्के. म्हणजे साधारण आठ रुग्णांना पंप लावल्यास एक अधिकचा जीव वाचतो. या क्षेत्रात एवढा स्पष्ट लाभ यापूर्वी कोणत्याही पंपाने दाखवला नव्हता.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पंप लावलेल्या रुग्णांत मोठा रक्तस्राव सुमारे २२ टक्के जणांना झाला, तर इतरांत १२ टक्के जणांना. डायलिसिससारख्या उपचाराची गरज सुमारे ४२ टक्के जणांना लागली, तर इतरांत २७ टक्के जणांना. पायाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, तर इतरांत एक टक्का. पात्याच्या वेगाने काही रक्तपेशी फुटतात, हा जुना आक्षेपही पूर्णतः खोटा नाही. आणि पंप लावूनही शंभरांतील सुमारे ४६ जण वाचले नाहीत, हे विसरता येत नाही.

कोणासाठी, आणि कोणासाठी नाही

या अभ्यासाला दहा वर्षे लागली, कारण त्यात बसणारे रुग्ण थोडेच होते. धमनी पूर्ण बंद होऊन आलेला मोठा झटका, हृदयाच्या डाव्या कप्प्याची दुर्बलता आणि प्रस्थापित शॉक, एवढे सारे असलेलेच रुग्ण त्यात घेतले गेले. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ज्यांची शुद्ध हरपलेलीच राहिली, असे रुग्ण वगळले होते. मेंदूला फार काळ रक्त मिळाले नसेल तर हृदयाचा पंप त्याला परत आणू शकत नाही. महाधमनीची झडप धातूची असणे, हृदयाच्या कप्प्यात गुठळी असणे, पायाच्या धमन्या फार अरुंद झालेल्या असणे, यांसारख्या कारणांनीही हा पंप बसवता येत नाही.

म्हणून डॉक्टरांनी "पंप लावत नाही" असे सांगितले तर त्याचा अर्थ प्रत्येक वेळी दुर्लक्ष असा नसतो. आणि "पंप लावू या" म्हटले तर तो प्रत्येक वेळी लोभही नसतो. नातलगांनी शांतपणे पाच प्रश्न विचारावेत :

१. बंद धमनी उघडली आहे काय, किंवा केव्हा उघडणार आहे?
२. शुद्धीची आणि मेंदूची अवस्था काय आहे?
३. हा पंप कोणत्या उद्दिष्टाने लावत आहात? हृदय सावरेल म्हणून, शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यासाठी, की पुढचा निर्णय घ्यायला अवधी मिळावा म्हणून?
४. पाय, मूत्रपिंडे आणि रक्तस्राव यांवर लक्ष कसे ठेवले जाईल?
५. किती दिवसांनी आणि कोणत्या खुणेवरून पंप काढायचा किंवा थांबवायचा हे ठरेल?

पाचवा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. परंतु तो प्रारंभीच विचारला तर पुढची यातना कमी होते. उसन्या वेळेची मुदत असते. हृदय सावरले नाही, अन्य अवयवही एकेक करून थकत गेले, तर यंत्र चालू ठेवणे हा उपचार राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानपूर्वक मृत्यूचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची प्रक्रिया अधिक सुलभ केली. घरातील ज्येष्ठांनी आपली इच्छा शहाणपणाने आधीच बोलून ठेवली, तर त्या रात्री मुलांच्या खांद्यावर एकट्याने निर्णयाचे ओझे पडत नाही.

खर्चाचा विषयही टाळता येत नाही. मळसूत्री पंपाचा एका वेळचा खर्च अनेक लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. तथापि कोणता उपचार त्यात बसतो हे प्रकरणागणिक पाहावे लागते. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. दाखल होताच त्याला भेटावे. पंप परवडला नाही म्हणून आपण वडिलांना मारले, अशी खंत कोणी मनात धरू नये. जीव वाचवण्याचा सर्वांत मोठा वाटा धमनी वेळेवर उघडण्याचा आहे आणि तो उपचार पुष्कळ अधिक आवाक्यात आला आहे.

श्रावकांच्या मनातील दोन शंका

अशा उपचारांत रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिन वापरतात. आणि हे औषध प्रामुख्याने डुकराच्या आतड्यातून मिळवतात. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबाला ही माहिती अस्वस्थ करणारी आहे, आणि ती लपवणे उचित नव्हे. कृत्रिम रीतीने तयार होणारे बायव्हॅलिरुडिन हे काही प्रसंगी पर्यायी औषध ठरते. पंपाची मोटर स्वच्छ ठेवणाऱ्या द्रावात हेपॅरिनऐवजी सोडियम बायकार्बोनेट वापरण्याची रीतही अलीकडे रूढ होत आहे. कोणता पर्याय सुरक्षित, हे रुग्णाच्या अवस्थेवर अवलंबून असते. ज्यांच्या मनात हा प्रश्न आहे त्यांनी तो आपल्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे आणि गुरुजनांपुढे निरोगी असतानाच ठेवावा. धमनी बंद असताना चर्चेला वेळ नसतो.

दुसरी शंका चौविहाराची. झटक्याची शंका आल्यास डॉक्टर किंवा रुग्णवाहिकेतील वैद्यकीय कर्मचारी अॅस्पिरिनची गोळी चावून खाण्यास सांगतात. अॅस्पिरिनचे वावडे किंवा पोटातील रक्तस्राव असा अडथळा नसेल तर ही साधी गोळी जीवरक्षक ठरते, आणि ती चावायची असल्याने पाण्याचीही गरज नसते. तरीही सूर्यास्तानंतर ती मुखात घ्यावी की नाही, या विचारात मोलाची मिनिटे जातात. श्वेतांबर परंपरेतील रात्रीच्या पच्चक्खाणात जे आगार आहेत, त्यांत 'सर्वसमाधिप्रत्ययाकार' हाही आहे. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्याची सवलत त्यात अभिप्रेत आहे. व्रत देणाऱ्यांनी संकटाचा विचार आधीच करून ठेवला आहे. दिगंबर परंपरेतील रात्रिभोजनत्यागाविषयीही आपल्या मुनिमहाराजांकडून किंवा माताजींकडून असे मार्गदर्शन आधीच घेऊन ठेवावे. दशलक्षण आणि पर्युषणाच्या दिवसांत तर छातीतील प्रत्येक कळ 'उपवासाचे पित्त' म्हणून सोसली जाते. मधुमेही, रक्तदाबाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी तपश्चर्येपूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हे तपाला उणेपणा आणणारे नाही.

गावातील पहिला तास

जिल्ह्याचे ठिकाण चारठाण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आणि छत्रपती संभाजीनगर शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही गाव आणि हृदयाची सुसज्ज प्रयोगशाळा यांमध्ये मोठे अंतर उरतेच. हे अंतर रस्त्याने कमी होत नसेल तर ज्ञानाने आणि तयारीने कमी करता येते.

त्याचे उदाहरण शेजारच्या गोव्याने घालून दिले आहे. २०१८-१९ पासून तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढलेला ईसीजी दूरसंचाराने तज्ज्ञांकडे जातो. झटका निश्चित झाला की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच दिले जाते आणि मग रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना होतो. यामागचे तत्त्व सर्वत्र लागू आहे. धमनी उघडण्याची अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा विचार जवळच्या रुग्णालयातच झाला पाहिजे. हे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर पुष्कळ रुग्ण शॉकपर्यंत पोहोचतच नाहीत. पंपाची गरजच न पडणे, हा पंपापेक्षा श्रेष्ठ उपचार होय.

तेव्हा त्या कल्पित घरात काय घडायला हवे होते? साडेनऊ वाजताच १०८ क्रमांक फिरवायला हवा होता. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेली ही रुग्णवाहिका-सेवा विनामूल्य आहे. वडिलांना चालू न देता, मोटारसायकलवर न बसवता, टेकून बसते करायला हवे होते. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून त्याचे छायाचित्र पुढच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते. आणि एक चूक टाळायला हवी : छातीत दुखले की शेजाऱ्याच्या घरातील जिभेखालची गोळी देण्याची प्रथा खेडोपाडी रूढ आहे. ती गोळी रक्तदाब उतरवते. आधीच घाम फुटून हातपाय थंड पडलेल्या माणसाला ती दिली तर शॉक अधिक गहिरा होतो. डॉक्टरांनी त्या व्यक्तीसाठी लिहून दिली असेल आणि रक्तदाब पुरेसा असेल, तरच ती द्यावी.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही दाने समाजाला नवी नाहीत. मंडळांच्या वार्षिक शिबिरांत रक्तदाब तपासला जातो, चष्मे वाटले जातात. त्याच शिबिरात छातीच्या दुखण्याची लक्षणे, १०८ चा वापर आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याची रीत एका तासात शिकवता येते. जवळच्या आरोग्य केंद्राला ईसीजी यंत्राची, त्याच्या कागदाची किंवा ते चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची उणीव असेल, तर ती भरून काढणे कोणत्याही गावच्या संघाला अशक्य नाही. त्या दानाची पाटी कदाचित कोठे लागणार नाही; एखाद्या घरातील माणूस मात्र रुग्णालयातून चालत घरी येईल.

जुन्या विहिरीवर मोट फाटली की शेजारी आपली मोट उसनी देत असे. उसन्या मोटेवर कोणी आयुष्यभर शेती करीत नसे. आपली मोट शिवून होईपर्यंत पीक जगवण्यापुरती ती असे. आणि शेजाऱ्याकडे जायचे ते रोप वाळण्यापूर्वी. वाफा सुकून गेल्यावर आलेली मोट कितीही भक्कम असली तरी तिच्या पाण्याने फक्त माती भिजते.